माळ्यावरच्या फोममुळे घराची विक्री अडली

प्रश्न : आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. फेब्रुवारीत एक विक्रेता दारात आला. ‘सरकारी योजनेतून आलोय, तुमच्या माळ्यावरच्या, घराची ऊब टिकवणाऱ्या जुन्या लोकरीला ओल आली आहे, छताला आतून स्प्रे फोम (फवारला की घट्ट होणारा फेस) मारला की गॅसचं बिल निम्म्यावर येईल,’ म्हणाला. १० तारखेला यजमानांनी घरीच सही केली. ५०० पौंड क्रेडिट कार्डावर दिले, बाकीचे ३,७०० बँकेतून. त्याच आठवड्यात काम उरकलं. बिल जेमतेम उतरलं. आता नोव्हेंबरात घर विकायला काढलं, तर फोम पाहून घेणाऱ्याच्या बँकेनं कर्ज नाकारलं. कंपनी म्हणते, करार रद्द करायची १४ दिवसांची मुदत केव्हाच संपली. काही करता येईल का?

उत्तर : ताई, कंपनीचं हे म्हणणं लगेच खरं धरू नका. घरी येऊन केलेल्या कराराला २०१३ चे ग्राहक करार नियम लागू होतात. मुदत १४ दिवसांची हे बरोबर. पण करार रद्द करण्याचा हक्क तुम्हाला आहे, हे कंपनीनं लेखी कळवावं लागतं. ते कळवलंच नसेल, तर मुदत आणखी १२ महिने वाढते. तुमच्या बाबतीत ती येत्या २४ फेब्रुवारीला संपेल. तेव्हा कराराचे सगळे कागद, पाठीमागची बारीक अक्षरंसुद्धा, आणि यजमानांचे ईमेल आजच तपासा. सूचना उशिरा दिली असेल, तर ती मिळाल्यापासून १४ दिवस धरायचे.

‘काम पूर्ण झालं, आता हक्क उरला नाही,’ असंही ते म्हणतील. ते खरं ठरायला मुदतीच्या आतच काम सुरू करा अशी यजमानांची स्पष्ट लेखी मागणी हवी, आणि काम संपल्यावर हक्क जाईल हे त्यांना ठाऊक असल्याची कबुलीही हवी. हक्काची माहितीच दिली नसेल, तर झालेल्या कामाचे पैसेही कंपनीला मागता येत नाहीत. करार रद्द करत असल्याचं ईमेलनं आणि नोंदणी टपालानं कळवा. फोनवर बोलून भागवू नका.

सूचना सापडली, तरी दार बंद होत नाही. विक्रेत्याच्या ज्या शब्दावर विसंबून तुम्ही काम दिलं, तो शब्द २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं कराराचाच भाग ठरतो. सरकारी योजनेची थाप असेल, तर १९६७ चा मिसरिप्रेझेंटेशन, म्हणजे खोटं सांगून करार करायला लावण्याबाबतचा, कायदाही आहे. मात्र विक्रेता नेमकं काय बोलला, हे दोघांनी आठवेल तसं आत्ताच लिहून तारीख घाला.

तुमची खरी भिस्त त्या ५०० पौंडांवर आहे. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ नुसार, १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीतला थोडा भाग जरी क्रेडिट कार्डावर भरला, तरी विक्रेत्यानं करार मोडला किंवा खोटं सांगितलं तर कार्ड देणारी बँकही पूर्ण रकमेला जबाबदार असते. कार्ड आणि करार दोन्ही यजमानांच्याच नावावर आहेत ना? कार्डाच्या विवरणातलं आणि करारावरचं कंपनीचं नाव एकच आहे का, तेही पाहा. कार्डाच्या बँकेकडे तक्रार केल्यावर तिनं आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, मोफत तक्रार करता येते.

अशा कंपन्या गाशा गुंडाळतात, म्हणून कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर तिची स्थिती आजच बघा. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज तिनं केलेला दिसला, तर हरकत नोंदवा. न्यायालयात जायची वेळ आली, तर १०,००० पौंडांपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या सोप्या पद्धतीनं, चालतात. तिथे वकील लागतोच असं नाही.

एक कळकळीची विनंती : फोम इतक्यात खरवडू नका. तो वाशांना आणि कौलांच्या पाठीला घट्ट चिकटतो, खालचं लाकूड झाकून टाकतो, हवा खेळू देत नाही. लाकूड कुजलंय का हे सर्व्हेअरला (घराची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला) दिसत नाही, म्हणून बँका कचरतात. आधी कुठल्याही फोम कंपनीशी संबंध नसलेल्या चार्टर्ड (अधिकृत मान्यता असलेल्या) सर्व्हेअरकडून ओलाव्याच्या मोजणीसह लेखी अहवाल घ्या, फोटो काढा. फोम काढून देतो म्हणत फोन करणाऱ्यांना घरात घेऊ नका. काढण्याची अंदाजपत्रकं, सर्व्हेअरची फी, घेणाऱ्याच्या बँकेचं पत्र, सगळं जपा. भरपाईच्या मागणीत ते लागेल. पुढच्या गिऱ्हाइकापासून मात्र फोम लपवू नका, नाहीतर उद्या तो तुमच्यावरच दावा लावेल.