आठातले मागचे चार प्लग

प्रश्न : काका नमस्कार. बाबांची 2006 ची होंडा सिटी झेडएक्स आता मी चालवते, आय-डीएसआय इंजिन आहे, चिपळूणला असते. दोनेक महिने झाले, कुंभार्ली घाटात पिकअपच देत नाही, एसी लावला की हलकासा धक्का बसतो आणि अॅव्हरेज पण पडलंय. गॅरेजला प्लग बदलून घेतले, बिलावर चार प्लग आहेत, पण फरक शून्य. शेजारचे काका म्हणतात हिला आठ प्लग असतात. खरंय का? आणि असतील तर मागचे मी घरी बदलू शकते का? रॅचेट सेट आहे माझ्याकडे, हात काळे करायची तयारी पण आहे.

उत्तर : शेजारचे काका बरोबर सांगतायत. आय-डीएसआयमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देतात ते), म्हणजे चार सिलिंडरला आठ, आणि आठांना आठ कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग). (याच सिटीचं व्हीटेक इंजिन असेल तर मात्र चारच.) चार पुढे, बॉनेट उघडलं की हाताशी. उरलेले चार इंजिनाच्या मागच्या अंगाला, काचेखालच्या पत्र्याकडे, तिथे हात तर जात नाहीच पण नीट दिसत पण नाही, म्हणून पुढचे चार बदलायचे आणि बॉनेट बंद करायचं हे बऱ्याच ठिकाणी चालतं. तुझ्या बिलावर चारच आहेत, म्हणजे मागचे जुनेच असणार, कदाचित गाडी घेतली तेव्हापासूनचे.

आता यातली खरी गोम सांगतो. मागचा प्लग थकला तरी त्याच सिलिंडरचा पुढचा प्लग पेट्रोल पेटवतोच, त्यामुळे साध्या गाडीत एक प्लग गेला की इंजिन जसं उघड मिस मारतं, थडथडतं, तसं इथे होत नाही. दोन प्लग का दिलेत, तर दोन बाजूंनी आग लागली की सगळं मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं, आणि दोघांच्या ठिणगीमधला वेळ इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे आणि लोडप्रमाणे गाडीचा कॉम्प्युटर बदलत असतो. एका बाजूची ठिणगी कमजोर झाली की जळणं मंदावतं, गाडी चालत राहते पण मरगळते, आणि ते जाणवतं कुठे तर घाटात आणि एसी लावल्यावर. तू लिहिलंयस ते अगदी असंच आहे, म्हणून आधी मागचे प्लग बदल, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) वगैरेवर खर्च नंतर बघू.

घरी जमेल का? जमेल, पण अर्धा दिवस मोकळा ठेव आणि इंजिन रात्रभर गार झालेलं हवं. हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग फिरवलास तर आटे जाऊ शकतात आणि मग प्लगचं काम हेडवर जातं. आधी वायपरचे हात काढायचे (काचेवर ते कुठे टेकतात तिथे टेप लावून खूण कर), मग त्याखालची काळी प्लास्टिकची जाळी. तिच्या क्लिपा एवढ्या वर्षांत कडक झालेल्या असतात, ओढू नकोस, सपाट पट्टीने हळूच उचल, दोनचार तुटतील म्हणून नव्या आणूनच ठेव. जाळी निघालीच आहे तर आत अडकलेली आंब्या-फणसाची पानं पण काढून टाक, ती पाण्याची वाट अडवतात आणि मग पावसाचं पाणी भलतीकडे उतरतं.

कॉइल काढायच्या आधी प्रत्येक कनेक्टरवर नंबर लिही, पुढचे-मागचे अदलाबदल झाले तर गाडी आधीपेक्षा वाईट चालेल. कॉइल निघाली की प्लग सोडवायच्या आधी त्या खड्ड्यात हवा मार, सायकलचा पंप चालेल, नाहीतर तिथली माती थेट सिलिंडरमध्ये. गोटी (रॅचेटला लावायचं सॉकेट) 16 मिमीची, प्लगचीच, आत रबर किंवा लोहचुंबक असलेली घे, आणि एक लांब एक्सटेन्शन (गोटी लांबवायचा दांडा) आणण्यापेक्षा दोन छोटी आण, म्हणजे जागा असेल तसं जोडता येतं. युनिव्हर्सल जॉइंटने (वळणाऱ्या सांध्याने) हात पोचतो खरा, पण गोटी तिरकी झाली की प्लगची पांढरी चिनीमाती तडकते, म्हणून अगदीच नाइलाज असेल तरच.

एखादा प्लग अडला तर जोर लावू नकोस. गंज सोडवायचं तेल दोन थेंब, तासभर थांब, मग पाव फेरा उलटा, पाव सुलटा, परत तेल, असं करत करत. तरी हलला नाही तर तिथेच थांब आणि चांगल्या मिस्त्रीला बोलव, बाकीचे तीन तरी झालेले असतील. नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूला ठेव, प्लगच्या शेंड्याला रबरी नळीचा तुकडा लाव आणि बोटांनी फिरव, आटे चुकले तर नळीच घसरते, आटे खराब होत नाहीत. बोटांनी पूर्ण बसला की पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस्स. आट्यांना ग्रीस लावायचं नाही, नव्या प्लगला मुलामा असतोच, आणि ग्रीसमुळे नकळत जास्त आवळलं जातं.

जुने प्लग पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबराप्रमाणे खोचून ठेव. फिका तपकिरी असेल तर तो सिलिंडर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे ठिणगी तरी कमी नाहीतर पेट्रोल तरी जास्त. ओलं तेल दिसलं तर फोटो पाठव, ते प्लग बदलून सुटणारं दुखणं नाही.

प्रश्न : याच गाडीत इरिडियम प्लग घालावेत का? महाग वाटतात.

उत्तर : पुढे साधे चालले असते, पण मागे हात घालायची एवढी कटकट आहे तर आठही इरिडियमच घाल, साधा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो, चांगला लाँग लाइफ इरिडियम लाखभर जातो. प्लगचा नंबर मात्र मॅन्युअलमध्ये बघूनच, दुकानदार म्हणेल तो नको. आणि प्लगची गॅप (ठिणगी पडते ती फट) मोजायचा नाण्यासारखा गोल गेज असतो ना, तो इरिडियमच्या टोकात घुसवून गॅप वाढवायला जाऊ नकोस, ते टोक सुईएवढं बारीक असतं, लगेच तुटतं.