एसएसबीत स्वतःविषयी काय लिहू?

प्रश्न : सर, मी बारावीला आहे. एनडीएची लेखी परीक्षा पास झाले, आता एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलांच्या अधिकारी निवड मंडळाचं, बोलावणं आलंय. तिथे स्वतःविषयी लिहायचं असतं. क्लासमधून तयार मजकूर मिळालाय : मी धाडसी, प्रामाणिक, जन्मजात नेता वगैरे. माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही नाही. वडिलांची द्राक्षबाग आहे, तिथे मदत करते, एवढंच. तो मजकूर पाठ करू का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नको बाळ, अजिबात नको. लेखीला 900 गुण, एसएसबीलाही 900. त्यातलं एक पानसुद्धा दुसऱ्याच्या शब्दांवर सोडू नकोस.

हे लिखाण मानसशास्त्रीय चाचणीत सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी चित्रांवरून बारा गोष्टी, साठ शब्दांवर प्रत्येकी पंधरा सेकंदांत एकेक वाक्य आणि अर्ध्या तासात साठ प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया लिहून झालेल्या असतात. त्या घाईत माणूस आहे तसा कागदावर उतरतो. मग पंधरा मिनिटांत आई-वडील, शिक्षक, मैत्रिणी तुझ्याबद्दल काय म्हणतात, तुला स्वतःला काय वाटतं आणि पुढे कसं व्हायचंय, हे लिहायचं. पाठ केलेलं पान आधीच्या पानांशी जुळत नाही, आणि तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

माझ्याकडे तयारीला येणारा जतकडचा एक मुलगा असंच ‘नेतृत्वगुण’ लिहून आणायचा. गप्पांत कळलं, टँकर आला की गल्लीतल्या घागरींची रांग तोच लावतो, आणि म्हाताऱ्यांचं पाणी आधी भरून देतो. म्हटलं, अरे, हे लिही!

तुझ्या बागेत छाटणीच्या वेळी मजुरांचा हिशोब कोण ठेवतं? ढगाळ हवा आली, डाऊनी रोगाची भीती वाटली, की फवारणीसाठी घाई कोण करतं? तू करत असशील तर ते लिही. आज आईलाच विचार, माझ्याबद्दल खरं काय वाटतं? ती म्हणाली, ‘कामाला चोख, पण लगेच चिडतेस,’ तर चिडणंही लिही आणि त्यावर काय करतेस तेही. चिडण्यावर काहीच करत नसशील, तर आजपासून कर.

आणि एसएसबीत स्वतःच्या माहितीचा फॉर्म भरशील तो मनापासून भर. मुलाखत घेणारे अधिकारी त्याच्यावरूनच प्रश्न काढतात. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिलंस, तर सध्या काय वाचतेस ते विचारतील. वाचत नसशील तर लिहू नकोस.