सहा हजार फॉलोअर, पण बोलत कुणीच नाही

प्रश्न : ताई नमस्कार. लातूर एमआयडीसीत आमचा पेरणी यंत्र आणि मोगडा (मशागतीचं अवजार) बनवायचा छोटा कारखाना आहे, वडिलांपासूनचा धंदा. दोन वर्षांखाली पोरानं फेसबुक पेज काढून दिलं, इन्स्टा पण जोडलं, सहा हजार फॉलोअर झालेत. रोज पोस्ट टाकतो, सणावाराला बॅनर टाकतो, पण लाइक येतात ते पाहुण्यारावळ्यांचे नाहीतर आमच्याच कामगारांचे, कमेंट तर कुणी करीनाच. आता एक जण म्हणायलाय महिन्याला पंधरा हजार द्या, पन्नास हजार फॉलोअर करून देतो. द्यावेत का?

उत्तर : दादा, पंधरा हजार खिशातच ठेवा. विकत आणलेले फॉलोअर कुठले कोण असतात देव जाणे, त्यातला एकही औशात सोयाबीन पेरत नाही. आणि वर नुकसान असं की तुमची पोस्ट त्यांना दिसते, ते ढुंकून बघत नाहीत, मग फेसबुकला वाटतं पोस्टच बेकार आहे आणि खऱ्या शेतकऱ्यापर्यंत ती जातच नाही.

तुमचं पेज मी खालपर्यंत बघितलं. राग मानू नका, पण निम्म्याहून जास्त नुसते बॅनर आहेत, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या बॅनरवर तर झेंडा एवढासा आणि तुमचा फोटो एवढा मोठा. बाकी पोस्ट म्हणजे यंत्राचा फोटो आणि खाली 'दर्जेदार, मजबूत, टिकाऊ, आजच संपर्क करा'. ह्याच्यावर माणसानं कमेंट तरी काय करायची?

आता मला सांगा, मृग लागायच्या आधी पंधरा दिवस तुमचा फोन खणखणत असतो ना, तेव्हा लोक काय विचारतात? दीड फुटी तास, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, कसं सेट करायचं, एका फणातून बी पडंना गेलंय, खताची पेटी जाम झालीय, जुन्या यंत्राला बीबीएफ (रुंद वरंबा-सरी पाडायचं अवजार) जोडता येतंय का. हे सगळे प्रश्न म्हणजेच तुमच्या पोस्ट आहेत. फोन घेणाऱ्या पोराला एक वही द्या, आलेला प्रश्न जसाच्या तसा, त्याच शब्दात लिहून घ्यायला सांगा, मे-जूनचा सगळा माल त्या वहीत मिळेल.

व्हिडिओत स्वतः उभं राहायची गरज नाही, उलट तुमचा फिटर उभा करा, ग्रीसनं काळे झालेले हात दिसू द्या. मोबाइल उभा धरायचा, चाळीस-पन्नास सेकंद बास. सुरुवातीला कंपनीचा लोगो गोल गोल फिरवत बसायचं नाही, पहिलंच वाक्य प्रश्न पाहिजे : "सोयाबीन लई खोल पडायलंय का?" मग यंत्रावर खोली कुठं कमी करायची ते दाखवायचं, आणि बी तीन-चार सेंटीमीटरच्या खाली गेलं तर उगवण मार खाते हे दोन बोटं मातीत घालून दाखवायचं. भाषा फिटर बोलतो तीच ठेवा. 'शेतकरी बांधवांनो' सुरू झालं की माणूस पुढं सरकतो.

अजून एक करा, मला तर हे लई आवडतं. उगवण क्षमतेची चाचणी कारखान्यातच लावा. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे 100 दाणे रांगेत मांडायचे, गुंडाळी करायची, फोटो टाकायचा आणि विचारायचं, किती उगवतील सांगा? गोणपाट ओलं ठेवत राहा, मधे एकदा दाखवा, सहाव्या-सातव्या दिवशी कॅमेऱ्यापुढंच उघडून मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चांगलं, कमी उगवले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवावं लागतं. ह्यात तुमच्या यंत्राचं नाव पण नाही, तरी लोक आठवडाभर येऊन बघतील, कारण तसल्याच बियाण्याची गोणी त्यांच्या पण घरात पडलीय.

तसंच पावसाचं. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो आणि दरवर्षी आपण पहिल्या सरीलाच तिफण जुंपतो. पहिला पाऊस पडला की एकच ओळ टाका, तुमच्या गावात किती झाला? निलंगा, उदगीर, चाकूर, रेणापूर, जो तो आपल्या गावाचं सांगेल, एकमेकांना उत्तरं देतील, तुम्हाला काही करावं पण लागणार नाही. येळवशीला (वेळ अमावास्येला) बॅनरच्या ऐवजी शेतातल्या कडब्याच्या कोपीचा फोटो टाका आणि विचारा, भज्जीत काय काय टाकलं? यंत्र विकायचं नाही त्यानं, पण पेज जागं होईल.

मात्र विचारलं की उत्तर द्यायला हजर राहायचं. त्याच दिवशी, नाव घेऊन. तुमच्या पेजवर एकानं "भाव काय" विचारलंय आणि तुम्ही लिहिलंय "इनबॉक्स करा". अहो, कशाला? सात फणी एवढ्याला, नऊ फणी एवढ्याला, सबसिडी वेगळी, असं उघड लिहा की, पुढच्या दहा जणांचा फोन वाचतो. 'लाइक करा, शेअर करा, पाच मित्रांना टॅग करा' हे पण बंद करा, असल्या पोस्ट खाली ढकलणार हे फेसबुकनं 2017 च्या डिसेंबरातच जाहीर केलंय.

पैसे घालायचेच असतील तर जी पोस्ट आपोआप चालली तिलाच बूस्ट करा, तेही लातूर, धाराशिव, नांदेड एवढंच ठेवून. मेलेल्या पोस्टला पैसे लावू नका. आणि गिऱ्हाईक आलं की विचारून रजिस्टरला लिहा, कुठून कळलं. फॉलोअरच्या आकड्यापेक्षा तो रकाना बघत जा.

प्रश्न : आमचा वसमतला महिला बचत गट आहे, हळद पावडर विकतो. एका बाईनं कमेंट केली की तुमच्या हळदीत कलर आहे. डिलीट करावी का?

उत्तर : नका करू. शिवीगाळ असेल तर खुशाल काढा, पण शंका काढली तर ती बाई स्क्रीनशॉट घेऊन दुसरीकडं टाकेल. शांतपणे लिहा, ताई, कोणत्या तारखेचं पाकीट आहे? आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाका : काचेच्या ग्लासात पाणी, वरून चमचाभर पावडर. चांगली हळद तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण एवढ्यानं सगळीच भेसळ कळते असं नाही, म्हणून लॅबचा रिपोर्ट असेल तर तोही जोडा. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळणं हे तर तुमच्याकडं डोळ्यापुढं होतंय, ते का नाही दाखवत? एक मात्र जपा. वसमत हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय म्हणून कुणीही पाकिटावर तो शिक्का छापू शकत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती आधी करा.

प्रश्न : पैठणला आमचं पैठणीचं दुकान आहे. पेज बघणारा पोरगा काम सोडून गेला, पासवर्ड त्याच्याकडंच. आता?

उत्तर : त्याच्याशी भांडू नका, आधी गोड बोला. पेजला वेगळा पासवर्ड नसतो, ते त्याच्या स्वतःच्या अकाउंटवरनं चालतं, म्हणून तो पासवर्ड तो देणार पण नाही. त्याला फक्त एवढंच सांगा की सेटिंगमधून तुमच्या अकाउंटला पूर्ण कंट्रोल दे, पाच मिनिटांचं काम आहे. ते मिळालं की घरातल्या अजून एकाला पण जोडा, मगच त्याला काढा. आणि त्याचा राहिलेला पगार असेल तर तो आधी देऊन टाका.