दवाखाना कसा जोखायचा?

घराजवळचा दवाखाना निवडताना गर्दी किंवा स्टार रेटिंगवर जाऊ नका. रेटिंगमधला बराचसा राग रिसेप्शनवरच्या माणसावर असतो, डॉक्टरांवर नाही.

मी आधी बघतो ते बीपी कसं मोजतात. पाच मिनिटं शांत बसू दिलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना गप्पा नाहीत, आकडा जास्त आला तर पुन्हा मोजला. एवढं होत असेल तर बाकीचंही बहुधा नीट चालत असतं. आल्या आल्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून लगेच गोळी लिहून दिली, तर सावध व्हा.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागून बघा. सर्दी विषाणूंची, त्यावर ते चालतच नाही. ‘गरज नाही’ म्हणून कारण समजावणारा डॉक्टर सोडू नका. चालू औषधं, अ‍ॅलर्जी विचारली का, हात धुतले का, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं हे सांगितलं का, तेही बघा.

आणि रिपोर्टचा पाठपुरावा कोण करतं, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. ‘काही असलं तर कळवू’ हे उत्तर मला पटत नाही. रिपोर्ट हरवला तरी फोन येत नाहीच ना!