निबंधाला चांगले मार्क, पण जर्मन बोलायला तोंडच उघडत नाही

परकीय भाषा शिकणारी बरीच मुलं हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला एकच भीती घेऊन येतात, की एआयमुळे मार्क मिळतात पण भाषा येत नाहीये. त्यातली एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

मुलगी पुण्याची, कॉलेजात जर्मन, सोबत गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी 1 या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेची तयारी. परीक्षा जवळ आली तशी झोप उडाली, जेवण जाईना. आल्या आल्या रडायलाच लागली, "मॅडम, मला काही येतच नाही, सगळं चॅटजीपीटीचं आहे." घरी बोलायची सोय नाही कारण आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय की लेक जर्मनीला जाणार. आणि बी 1 मधे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग, प्रत्येकात 60 टक्के लागतातच, लेखनातले जास्तीचे मार्क बोलण्याला कामाला येत नाहीत.

मी म्हटलं, फोन दाखव. निबंध ती स्वतःच लिहायची, मग "करेक्ट कर" म्हणून टाकायची आणि जे येईल ते न वाचता वहीत उतरवायची. मला जर्मन येत नाही, म्हणून एका वाक्यावर बोट ठेवून तिलाच विचारलं की इथे काय बदललंय गं? थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अरे हो, 'वाइल' (म्हणजे 'कारण') आलं की क्रियापद शेवटी जातं, हे तर मला माहितीये!" मागचे निबंध काढले तर तीच चूक परत परत, एआय दरवेळी गुपचूप दुरुस्त करतंय आणि हिला पत्ताच नाही.

म्हणजे येत नव्हतं असं नाही, स्वतःची चूक स्वतः पकडायची सवयच गेली होती. आणि माझ्या मते ही सवय म्हणजेच निम्मी भाषा.

अ‍ॅप डिलीट कर असं मी कुणालाच सांगत नाही, रात्री अकराला प्रश्न विचारायला दुसरं कोण असतं मुलांना? फक्त क्रम बदलला. आधी कागदावर लिहायचं, मग एआयला सांगायचं की उत्तर देऊ नकोस, चूक कुठल्या वाक्यात आहे तेवढंच दाखव, आणि दुरुस्ती आपण करायची. नियम समजला नाही तर सरांना विचारायचं, कारण एआय चुकीचं कारणसुद्धा अगदी ठामपणे सांगतं. बोलायची प्रॅक्टिस मात्र वर्गातल्या मैत्रिणीसोबतच, कारण परीक्षेत जोडीदारासोबत बसून काहीतरी ठरवायचं असतं, तो मधेच बोलतो, अडखळतो, भलतंच विचारतो, आणि एआय किती शांतपणे ऐकून घेतं ते माहितीच आहे.

बी 1 चे भाग सुटे देता येतात हे तिच्या डोक्यातच नव्हतं. बोलण्याचा भाग तिने पुढे ढकलला, बाकीचे तीन ठरल्या तारखेला दिले. आईला तिने स्वतः सांगितलं, आई चिडली, मग एकदा माझ्याकडे दोघी मिळून आल्या. झोप आता लागते, बोलण्याची परीक्षा अजून व्हायचीये.