साइडिंगमागचा कागद आणि गॅसचं बिल

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घर १९७०च्या दशकातलं, बाहेरून व्हायनिल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण. गेल्या हिवाळ्यात गॅसचं बिल बघून डोळे पांढरे झाले. साइडिंग बदलायचं ठरवलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, मागे नवा हाउसरॅप घातला की बिल निम्म्यावर येईल. पश्चिमेच्या बेडरूममध्ये खिडकीखाली ड्रायवॉल (भिंतीचा आतला जिप्सम बोर्ड) फुगली आहे, तेही थांबेल म्हणे. खरं आहे का?

उत्तर : बिलाचं म्हणाल तर नाही. हाउसरॅप म्हणजे इरलं, गोधडी नव्हे. पॉलिथिलिनच्या तंतूंचा तो पातळ कागद ऊब अडवत नाही. पाणी अडवायचं आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ द्यायची, एवढंच त्याचं काम. व्हायनिल साइडिंगच्या फटींतून वाऱ्याबरोबर पाऊस आत जातोच, तो या कागदावरून खाली निथळतो. सगळे सांधे टेपने बंद केले तर वाराही अडतो आणि बिल थोडं उतरतं. पण निम्मं? काहीतरीच!

खिडकीखालची ओल मात्र अंगावर काढू नका. पाणी बहुतेक चौकटीपाशीच शिरतंय, आणि तिथलं फ्लॅशिंग, म्हणजे चौकटीच्या कडांवरच्या पाणी अडवणाऱ्या पट्ट्या, जुनंच ठेवलं तर नव्या रॅपने काही होणार नाही. त्या नव्याने लावताना आधी खालची पट्टी, मग दोन्ही बाजूंच्या, शेवटी वरची. आणि वरच्या पट्टीवर रॅपची कड आली पाहिजे. घाईत ही कड पट्टीच्या मागे खोचलेली मी पाहिली आहे. मग वरून ओघळणारं पाणी थेट रॅपमागच्या प्लायवूडवर. साइडिंग निघालं की तिथलं प्लायवूड स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग बदलल्याशिवाय पुढचं काम करू देऊ नका.

रॅपऐवजी साधं प्लास्टिक लावू म्हणाला तर त्याला नारळ द्या. आपल्या घरात कुकर, चहा, भात दिवसभर चालू. थंडीत ती दमट हवा भिंतीत शिरते आणि गार प्लास्टिकच्या आतून तिचं पाणी होतं.

बिल उतरवायचं तर पैसे अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, घाला. गरम हवा अॅटिकच्या झाकणातून, छतातल्या दिव्यांच्या भोकांतून निसटते आणि तेवढीच गार हवा बेसमेंटमधून ओढली जाते. आधी ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या. दारात पंखा बसवून घरातला दाब ५० पास्कलने उतरवतात; मग फटीपाशी हात धरला की गार झोत लागतो. त्या फटी बुजवा, मग इन्सुलेशन. शिवाय साइडिंग काढलेलंच असेल, तर बाहेरून इंचभर एक्सपीएस फोम (ऊब अडवणारे कडक फोमचे तक्ते) लावायचे किती घेणार, तेही विचारा. इंचाला आर-५ मिळतं (आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं) आणि भिंतीतल्या उभ्या लाकडी स्टडमधून जाणारी ऊब अडते. खिडक्यांच्या कडांचं काम वाढतं, खर्चही. पण ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

कोटेशनमध्ये नुसतं ‘हाउसरॅप’ चालवून घेऊ नका. सांध्यांची टेप, खिडक्यांचं फ्लॅशिंग आणि सडलेलं प्लायवूड बदलायचा दर, तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या.