कंटेसा दारात आली, आता पैसे कुठे घालायचे?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जुन्या गाड्यांचीच पत्रं जास्त, आणि त्यातही हिंदुस्तान मोटर्सच्या कंटेसाची. लांब नाक, रुंद बूड, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. आपल्याकडे ‘देशी मसल कार’ (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी) म्हणतात ती हीच. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : १९९४ची कंटेसा क्लासिक १.८ पेट्रोल घेतली आहे. पहिलीच जुनी गाडी. हाताशी दीड लाख आहेत. गॅरेजवाले म्हणतात, रुंद टायर, अलॉय, डबल सायलेन्सर आणि जमलं तर मोठं इंजिन टाकू. सुरुवात कुठून करू? (लातूर)

उत्तर : गॅरेजवाल्यांनी यादी उलटी धरली आहे. अमेरिकेत ज्या गाडीपासून मसल कारची लाट आली म्हणतात, त्या १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओमध्ये सुमारे ६.४ लिटरचं इंजिन आणि ३२५ अश्वशक्ती होती. तुमचं जपानी इसुझू इंजिन १,८१७ सीसीचं, नव्वद अश्वशक्तीच्या आतलं. हे अंतर दीड लाखात कापलं जात नाही. या पैशात गाडी भरवशानं थांबेल, तापणार नाही आणि रात्री वाटेत दगा देणार नाही एवढं नक्की होतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हेच इसुझू १.८ इंजिन अॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्येही होतं. त्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट असं सामान शोधलं की मिळतं. दुकानात ‘कंटेसा’ऐवजी ‘अॅम्बेसेडर आयएसझेड’ म्हणून विचारा. काच, दाराची बीडिंग, मागचे दिवे, बंपरचे कोपरे यांचं तसं नाही. कंटेसा २००२मध्ये बंद झाली आणि हे भाग आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या गाडीचे चालत नाहीत. म्हणून तडा गेलेली मागची काचसुद्धा दुसरी हातात आल्याशिवाय काढू नका. काढलेलं जुनं सामान गॅरेजमध्ये ठेवू नका, घरी आणा. भंगारात गेलेली क्रोम पट्टी परत मिळत नाही.

पत्रा तपासायला साधा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर, बॅटरीच्या ट्रेखाली आणि डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरली आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून दाराखालची पट्टी ही नुसती शोभा नव्हे. आपल्या काळ्या रानातला चिखल तिच्या आत जाऊन बसतो, पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. खालची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा, आत पाण्याचा फवारा मारा, उन्हात दोन दिवस वाळवा आणि मगच मेणाचं गंजरोधक सोडा. ओल्या पत्र्यावर रंग मारला तर ओल आत कोंडते.

इंजिन उघडायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, प्लगच्या भोकात गेज लावून मोजा. इंजिन गरम हवं. चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा फेरे स्टार्टर मारा. अशा पेट्रोल इंजिनात साधारण १४० ते १७० पीएसआय (दाबाचं माप) यावं. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे सहा-सात टक्के कमी दिसलं तर घाबरू नका. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. तो पंधरा टक्क्यांच्या वर असेल, तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. चारही बरे असतील तर त्या इंजिनाला हात लावू नका, कुणी कितीही ‘खोलून बघू’ म्हणालं तरी.

ब्रेकचं काम अर्धवट नको. व्हील सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडरचं किट आणि रबरी होस (ब्रेक ऑइलचे लवचीक पाइप) एकदमच बदला. जुना होस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगलेला असतो. पायाच्या जोरानं ऑइल पुढे जातं आणि पाय उचलला तरी मागे येत नाही, मग एक चाक धरून राहतं. रबर पेट्रोलनं धुऊ नका, ते फुगतं. ब्रेक ऑइलनंच धुवा. ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

सस्पेन्शनचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलले आणि पाच-सहा महिन्यांत फाटले, ही तक्रार नेहमीची. रबर बहुतेक वेळा चांगलंच असतं, आवळायची पद्धत चुकलेली असते. जॅकवर चाक लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केला की बुश त्याच स्थितीत धरला जातो. गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो. बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग खालून पूर्ण आवळा.

दीड लाखाची वाटणी आम्ही अशी करू : ब्रेक आणि टायर ३५ हजार, कूलिंग आणि पेट्रोलची लाइन ३०, सस्पेन्शन २५, पत्रा २०, वायरिंग १५. उरलेले २५ हजार कशालाही लावू नका, ते आपोआप लागतील. टायर मूळ मापाचेच घ्या आणि कडेचा चार आकडी शिक्का वाचा. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. रुंद टायरनं स्टिअरिंग जड होतं आणि आधीच झिजलेल्या जॉइंटवर जोर येतो. डबल सायलेन्सरनं या इंजिनात आवाज वाढेल, वेग वाढणार नाही.

प्रश्न : हमरस्त्यावर तापमानाचा काटा मधोमध असतो, गावात वसमत रोडच्या गर्दीत शिरलं की चढतो. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढून टाकला, तरी एप्रिलमध्ये पाणी उकळलंच. (परभणी)

उत्तर : काटा कुठे चढतो यावरच निदान आहे. वेगात ठीक आणि गर्दीत गरम, म्हणजे हवा कमी पडते : फॅन, फॅन बेल्ट, किंवा फॅनभोवतीचं आवरणच गायब. उलट वेगात तापत असेल तर पाणी कमी फिरतं, रेडिएटर आतून तुंबला आहे. तुमचा दोष पहिल्या जातीचा. आवरण नसेल तर पत्र्याचं करून घ्या. त्याशिवाय फॅन आजूबाजूची गरम हवाच फिरवत बसतो. रेडिएटरच्या पुढच्या पाकळ्यांत अडकलेली धूळ आणि किडे आतून बाहेर पाणी मारून काढा. पाण्याचा जोर बेताचा ठेवा, नाहीतर पाकळ्या आडव्या होतात.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढल्यानं इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त खातं आणि सिलिंडर लवकर झिजतात. गर्दीतल्या उकळण्यावर त्याचा उपयोग नाही. नवा घेतलात तर दोऱ्यानं भांड्यात लटकवून पाणी तापवा. ८२ अंशांचा असेल तर त्याच सुमारास उघडायला लागला पाहिजे.

आणि बोअरचं पाणी बंद करा. आपल्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. काढायला लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत) पाण्यात विरघळवून भरा, थर्मोस्टॅट काढून इंजिन वीस मिनिटं चालवा, गार झाल्यावर सोडून द्या आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा. रात्रभर ठेवू नका आणि संडास साफ करायचं अॅसिड तर अजिबात वापरू नका, अॅल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. झाकण दाब धरतं म्हणून पाणी शंभरच्या वर वीसेक अंश उशिरा उकळतं. ढिलं झाकण म्हणजे तेवढी सवलत गेली.

प्रश्न : रात्री हेडलाइट मेणबत्तीसारखे. १०० वॅटचे बल्ब टाकू का? (जालना)

उत्तर : नको. दोन बल्ब मिळून १७ अँपिअर ओढतील आणि तीस वर्षांचं स्विच वितळेल. इंजिन चालू ठेवून दिवे लावा आणि मीटरनं आधी बॅटरीवर, मग बल्बच्या पिनवर व्होल्टेज बघा. बॅटरीवर १४ आणि बल्बवर साडेबारा असेल, तर दोष वायरचा आहे. व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो.

अप्पर आणि डिपर यांना एकेक रिले (स्विचवर भार न टाकता बॅटरीचा करंट चालू-बंद करणारा डबा) लावा. ३० क्रमांकाच्या पिनला थेट बॅटरीवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. ८७वरून बल्बकडे, ८६वर जुनी स्विचची वायर, ८५ अर्थला. अर्थचा बोल्ट बसतो तिथला रंग घासून लोखंड उघडं करा. निम्मे दिवे एवढ्यानंच उजळतात. बल्ब ६०/५५चेच ठेवा.

प्रश्न : एक कंटेसा स्वस्तात मिळते आहे, पण पासिंग (नोंदणीची मुदत) सहा वर्षांपूर्वीच संपलं. ‘व्हिंटेज’मध्ये नोंदवता येईल का? (अंबाजोगाई)

उत्तर : नाही. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. कंटेसा १९८४ला आली, म्हणजे पहिल्या गाडीलाही २०३४ उजाडेल. तुम्हाला फॉर्म २५ भरून तपासणीसह नूतनीकरण करावं लागेल. २० वर्षांवरील मोटारीची फी ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये आहे. उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे. सहा वर्षांचे ३६,००० होतात. ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) त्यावर. हा हिशेब आरटीओत विचारून, मगच मालकाशी भाव करा.

आरसी बुकावर जुन्या कर्जाचा बोजा दिसतो का तेही पाहा. असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मालकानंच आणून द्यावं. चासी नंबर स्वतः वाचून बुकाशी जुळवा. आणि इंजिन बदललेलं असेल आणि बुकात नोंद नसेल, तर ती गाडी सोडा.

प्रश्न : गाडी उभी असली की पेट्रोलचा वास येतो. (नांदेड)

उत्तर : २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुना रबरी पाइप मऊ होऊन पाझरतो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप, पंपाचं डायफ्रॅम आणि फ्लोट बाउलचं गॅस्केट इथेनॉल चालणारं घ्या आणि क्लिपा नव्या लावा. हे होईपर्यंत गाडी बंद शेडमध्ये लावू नका.